बाबांच्या शेजारचा खिळा

माझ्याच तसबिरीला चंदनाचा हार घातलेला मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा माझ्या हातात चहाचा कप होता आणि तोंडात बिस्कीट. मुंबईतल्या एका स्टुडिओत मालिकेच्या सेटवर मी रोजच्यासारखी पोचले होते. दिवाणखान्याच्या भिंतीवर जिथे काल एक भलंमोठं घड्याळ होतं, तिथे आज मी होते. हसरा चेहरा, कपाळाला ठसठशीत कुंकू, खाली विजेवर मिणमिणणारी पणती. बिस्कीट घशातच अडकलं. कला विभागातला एक जण स्टुलावर चढून हार सारखा करत होता. मला पाहून तो आनंदाने म्हणाला, "मॅडम, देखिए ना, ठीक लग रहा है?"

स्वतःच्या मरणाची मांडामांड तपासायला बोलावणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मी म्हणाले, "थोड़ा बायीं तरफ़." दुसरं काय म्हणणार? मेकअपच्या खोलीत जाऊन बसले तेव्हा कळलं, कपातला चहा बशीत सांडलाय.

मला कोणी सांगितलंच नव्हतं. मालिकेत मी एका मोठ्या कुटुंबाची आई होते. आदल्या आठवड्यात मला इस्पितळात नेलं होतं. मला वाटलं, बरी होऊन येईन. मालिकांमध्ये गाडीखाली सापडलेली माणसं नवा चेहरा घेऊन परत येतात, माझं तर नुसतं छातीत दुखत होतं. पण वरून कोणाचा तरी निरोप आला की कथा तरुण पिढीकडे न्यायची, आणि लेखकाने मला मारून टाकलं. मरायचा प्रसंगसुद्धा दिला नाही. एका भागात इस्पितळाचा दरवाजा बंद झाला, आणि पुढच्या भागात मी थेट भिंतीवर.

हा माझा धक्का. याहून मोठा झाशीत बसायचा होता.

आमचं घर ओरछा गेटच्या आत, एका अरुंद गल्लीत. आईच्या माहेरची माणसं कित्येक पिढ्यांपूर्वी दक्षिणेतून उपाध्येपणाला म्हणून आली आणि झाशीचीच झाली. बाबा रेल्वेतले, बदली होऊन आलेले आणि इथेच जावई झालेले. घरात मराठी, शाळेत हिंदी, गल्लीत बुंदेली. आम्ही भावंडं भांडायचो हिंदीत आणि रडायचो मराठीत. गल्लीसाठी आई 'बाई' होती आणि मी 'बिन्नू'. बिन्नू म्हणजे लेक. बुंदेलखंडात गल्लीतली कुठलीही मुलगी सगळ्यांची बिन्नू असते.

मी कॉलेजात असताना बाबा गेले. बैठकीच्या भिंतीवर त्यांची तसबीर लागली आणि तिला चंदनाचा हार. आई रोज सकाळी देवपूजेच्या आधी ती पुसायची. पुढे दादाने टीव्ही आणला आणि नेमका त्या तसबिरीखाली ठेवला, कारण विजेचं बटण तिथेच होतं. त्यावरून आईने त्याला चार गोष्टी सुनावल्या, मग स्वतःच म्हणाली, "राहू दे. त्यांनाही जरा करमणूक." आणि रोज संध्याकाळी ती आणि समोरच्या काकी तिथे बसून माझी मालिका बघायच्या.

त्या संध्याकाळी दोघी अशाच बसल्या होत्या. काय घडलं ते मला नंतर काकींनी सांगितलं, आईने कधीच नाही. मालिका सुरू झाली आणि पडद्यावर मी आले: हार, पणती, मागे सनई रडल्यासारखी वाजतेय. आणि बरोबर हातभर वर बाबा, तसाच हार घालून. वर बाप, खाली लेक. काकींनी "हाय राम" म्हणून तोंडाला पदर लावला. आईने खुंटीवरची शाल काढली, टीव्हीवर टाकली आणि स्वयंपाकघरात जाऊन बसली. शालीखाली मालिका चालूच राहिली; माझी पोरं हमसून हमसून रडत होती.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. "ये. लगेच ये."

मी घाबरून गाडी पकडली. मला वाटलं, तिलाच काही झालं. घराच्या उंबऱ्याशी पोचले तर ती दारात उभी, मुठीत मीठ-मोहऱ्या. मला आत येऊ दिलं नाही. सगळ्या गल्लीसमोर माझी दृष्ट काढली, मूठ नेऊन शेगडीत टाकली, मोहऱ्या तडतडल्या, तेव्हा कुठे मला आत घेतलं. मी भडकले. रात्रभर बसून आलेली, केसांत प्रवासाची धूळ, आणि ही माझा तमाशा करतेय! म्हटलं, "आई, खोटं असतं ते सगळं. तू मला मरताना काय पहिल्यांदा पाहिलंस?"

"मरताना पाहिलंय," ती म्हणाली. "पण उठलीस कुठे?"

हे समजायला तुम्हाला माझं पहिलं नाटक सांगायला हवं.

झाशीतल्या शाळेत गॅदरिंगला कोणाचं नाटक बसवतात हे मी सांगायची गरज नाही. आमच्याकडे गल्लीगणिक एकेक राणी तयार होते. मला ती भूमिका मिळाली ती माझ्या गुणांमुळे नव्हे. मी मराठी घरातली, तेव्हा नऊवारी लुगडं आणि ते नेसवणारी आई दोन्ही फुकटात येतील, असा बहनजींचा, म्हणजे आमच्या शिक्षिकांचा, हिशेब होता. मी तलवार फिरवली, संवाद ओरडले आणि शेवटी पडले. मला मरणं फार आवडलं. सगळी शाळा चिडीचूप होऊन माझ्याकडे बघत होती, असं सुख मला घरात कधी मिळालं नव्हतं. पडदा पडला, पुन्हा उघडला, बाकीच्या मुली रांगेत उभ्या राहून नमस्कार करू लागल्या आणि मी तशीच पडून. बहनजी विंगेतून "उठ, उठ" करत होत्या. मी कशाला उठते?

पहिल्या रांगेतून आई उठली. ती स्टेजवर चढली, तिने माझा कान धरला आणि अख्ख्या शाळेसमोर मला उभं केलं. राणीचा कान पिळला गेल्यावर शाळा काय हसली असेल ते सांगत नाही. मी लाजेने अर्धमेली. घरी येताना ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "मेल्यावर उठायचं असतं. लोकांना उठलेली दिसली पाहिजेस." घरी आल्यावर मीठ-मोहऱ्या.

तेव्हापासून हा आमच्या घरचा नियमच झाला. मराठी मंडळाच्या गणपतीत मी दरवर्षी नाटकात असायची, आणि आमच्या मंडळाला रडकी नाटकं प्रिय. विष पिऊन मेले, क्षयाने मेले, एकदा तर चुकून दोन अंकांत दोनदा मेले, कारण दुसऱ्या अंकातली बाई आजारी पडली होती. आई पहिल्या रांगेत बसून शेंगदाणे खायची. मेले तरी तिच्या डोळ्याला पाणी नाही. पडदा पुन्हा उघडून मी नमस्कार केला की ती पदर झटकून उठायची: झालं, उठली, चला. पुढे मुंबईला जाऊन मी व्यावसायिक रंगभूमीवर आले. माझ्या मराठीला हिंदीचा वास येतो म्हणून तिथल्या लोकांनी नाकं मुरडली, पण मोलकरणी आणि विधवा मिळत गेल्या. त्या नाटकांतही मरण आलं, आणि आईने तेही पचवलं. प्रयोग संपल्यावर मी सगळ्यांच्या देखत उभी राहत होते ना.

टीव्हीत कोणी उठत नाही. मालिका संपते, साबणाची जाहिरात लागते, आणि मेलेली बाई भिंतीवर तशीच राहते. दुसऱ्या दिवशी राहते, दिवाळीला राहते, मुलीच्या लग्नात तिला नमस्कार करतात. आईला हे सहनच होत नव्हतं. काकी तिची समजूत घालायच्या, माणूस मेल्याची बातमी उठली की त्याचं आयुष्य वाढतं म्हणून. आई म्हणायची, "बातमी खोटी ठरली तर वाढतं. इथे कोणी खोटी ठरवतच नाही."

मी हसायची. हसण्यावारी न्यायला मला चांगलं जमतं. पण घडलं असं की त्या मालिकेनंतर मला तसलीच कामं येऊ लागली. एका निर्मात्याने तर मला तोंडावर सांगितलं, "आपका चेहरा फोटो में बहुत पवित्र लगता है." माणूस चांगुलपणानेच बोलत होता, पण मी अवाक झाले. एवढी वर्षं तालमी केल्या, आवाज कमावला, आणि माझी कीर्ती काय, तर भिंतीवर छान दिसते! त्यानंतर मी कोणाची स्वर्गवासी आई झाले, कोणाची पहिली बायको झाले, एका ठिकाणी तर मालिका सुरू व्हायच्या आधीच मेलेली होते आणि फोटो काढण्यापुरतं मला बोलावलं होतं. हार गळ्यात पडण्यात माझा हात धरणारं कोणी उरलं नाही.

दरवेळी आई बोलावून घ्यायची. दरवेळी उंबऱ्यावर मीठ-मोहऱ्या. एका खेपेला मी तिच्यावर ओरडले, की मी काम करते ते पोटासाठी, तुझ्या शेगडीसाठी नाही. तेव्हा ती मला हाताला धरून बैठकीत घेऊन गेली. बाबांच्या तसबिरीशेजारी भिंतीत एक रिकामा खिळा होता. तो मी आजवर पाहिला होता आणि पाहिला नव्हताही.

"हा कोणाचा आहे?" तिने विचारलं.

मी खिळ्याला बोट लावून पाहिलं.

"माझा आहे. तुझे बाबा गेले त्याच दिवशी मी दादाकडून ठोकून घेतला. इथे माझ्या आधी तुझा नंबर लागता कामा नये. बस्स, मला बाकी काही कळत नाही. पुन्हा तुला हारात पाहिलं तर मी अन्न सोडीन."

आई बोलली की करणारी होती. बाबा गेल्यावर तिने चहा सोडला तो सोडलाच.

आणि त्याच वर्षी मला सिनेमा मिळाला.

असा सिनेमा नट्यांना आयुष्यात एकदा मिळतो, पुष्कळजणींना तोही नाही. एका लहान गावातल्या बाईची गोष्ट, तिच्या तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत, आणि ती बाई मी. बाजूची नाही, मधली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत मी. दिग्दर्शिका वयाने माझ्याहून बरीच लहान, बोलायला मृदू आणि हट्टाला पक्की. तिने मला पटकथा दिली. मी पहिलं पान उघडलं. पहिलंच दृश्य: भिंत, म्हाताऱ्या नायिकेची तसबीर, चंदनाचा हार. तिथून मागे जाऊन सगळी गोष्ट, आणि शेवटी पुन्हा तीच तसबीर.

मी तिला विनवलं, हार काढ. नुसती तसबीर ठेव. ती म्हणाली, "हार नहीं होगा तो किसको पता चलेगा कि वो जा चुकी है? पूरी फ़िल्म उसी हार से शुरू होती है, दीदी." बरोबर होतं तिचं. मला राग आला तो याचाच. चूक असती तर भांडले असते.

सिनेमा बराचसा झाशीतच व्हायचा होता, दतिया गेटच्या बाजाराकडे त्यांनी एक घर बघून ठेवलं होतं. एक दिवस दिग्दर्शिका आमच्याकडे जेवायला आली. मी तिला बजावून ठेवलं होतं की आईसमोर त्या दृश्याचं नाव काढायचं नाही. पण तिची वेगळीच अडचण होती. मला म्हातारी करून फोटो काढला होता, तो खोटा दिसत होता. विग विगासारखा, सुरकुत्या रंगवल्यासारख्या. वरणभात कालवता कालवता तिने पिशवीतून तो फोटो काढून मला दाखवला, आणि आईने तिच्या हातातून तो घेतला.

मी डोळे मिटले. आता ताट बाजूला सारणार, अन्न सोडणार, सिनेमा गेला.

आईने फोटो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. म्हणाली, "जे का है? नाटक मंडली की नानी?" आणि मग विचारलं, "इस पे हार डालोगी?"

दिग्दर्शिकेने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली नाही. ती खरं बोलली, "हाँ, आंटीजी."

आईने फोटो ताटाशेजारी ठेवला. मग तिने माझ्याकडे पाहिलं. एवढ्या बारकाईने माझा चेहरा तिने कधी पाहिला नव्हता. नाक, हनुवटी, भुवया, जणू बाजारात काहीतरी पारखून घ्यायचंय. आणि म्हणाली, "बुढ़ापे में ये मेरी जैसी ही दिखेगी. तो फिर मैं काहे के लिए बैठी हूँ? मेरी तसबीर लगाओ."

माझ्या हातातला घास ताटात पडला. "आई, काहीतरी काय बोलतेस!"

"ओरडू नकोस. हार तर मला पडायचाच आहे एक दिवस. थोडा आधी पडला म्हणून माझं काय जातं? तुझ्या गळ्यात नको, बस." आणि दिग्दर्शिकेला, "और लो, बेटा, दाल और लो."

मी त्या दिवशी जेवले नाही. आईवर भडकले, दिग्दर्शिकेवर भडकले, पटकथा फाडून टाकते म्हणाले. आईने ती उचलून कपाटात ठेवली आणि किल्ली कमरेला खोचली. दोन दिवसांनी ती स्वतःच दादाच्या स्कूटरवर बसून सिविल लाइंसमधल्या फोटो स्टुडिओत गेली. मी मागून रिक्षाने गेले, अडवायला. पोचले तर ती पडद्यासमोर बसलेली होती, डाळिंबी लुगडं, डोक्यावर पदर, हात मांडीवर. फोटोवाला म्हणत होता, "माताजी, थोड़ा मुस्कुराइए." ती म्हणाली, "भैया, गए हुए लोग ज़्यादा नहीं मुस्कुराते." बिचाऱ्याला काही कळलं नाही. मी दारातच उभी राहिले. दिवा लखकन चमकला आणि तिने डोळे मिटलेसुद्धा नाहीत.

सिनेमा झाला. झाशीच्या टॉकीजला तो लागला तेव्हा निम्मी गल्ली बघायला आली होती. आई माझ्या शेजारी, पुडीत शेंगदाणे घेऊन. अंधार झाला आणि पडद्यावर ती आली, अख्ख्या भिंतीएवढी, गळ्यात हार. मला सगळं माहीत होतं. तसबीर माहीत होती, हार कोणत्या दुकानातून आणला तेही माहीत होतं. तरी मी शेजारी हात घालून तिचं मनगट घट्ट धरलं. ते ऊन होतं. "हात सोड," ती कुजबुजली, "दाणे सांडतील." मग जरा वेळाने, "बरी दिसतेय ना?"

मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "देखो, मेकअप से बिन्नू को कैसा बूढ़ा बनाया है." सगळ्यांना ती मीच वाटली. आईला फार आनंद झाला. तिने कोपराने मला ढोसलं.

सिनेमा संपला, दिवे लागले. लोक उठायला लागले, आणि त्यांच्या आधी आई उठली. खुर्चीच्या पाठीला धरून ती मागे वळली, पदर सारखा केला आणि हात जोडून सगळ्या टॉकीजला नमस्कार केला. गणपतीच्या नाटकात मी करायची तसा. लोक आधी बघतच राहिले. एका बाईने पडद्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि किंचाळली. मग कोणीतरी टाळी वाजवली आणि सगळेच वाजवू लागले. मी खुर्चीत बसून राहिले होते, मला उठताच येईना. आयुष्यात एवढे प्रयोग केले, पण एवढी टाळी मला मिळाली नाही, हे मी मत्सराने नाही, अभिमानाने सांगते.

आई माझ्याकडे वळली. "झालं. उठले. चल."

त्या दिवशी उंबऱ्यावर मी तिला थांबवलं आणि मी तिची दृष्ट काढली. मोहऱ्या अशा तडतडल्या की काकी समोरच्या दारातून बघायला आल्या.

पुढे मला कामं वेगळी येऊ लागली. जिवंत बायकांची. मुंबईहून दिग्दर्शिकेने सिनेमातल्या तसबिरीची ती चौकट आईला पाठवली. आईने ती पुसून कपाटात ठेवली आणि म्हणाली, "राहू दे, लागेल." मी तिच्यावर खेकसले. पण खरं तर मला वाटायला लागलं होतं की आता काही होत नाही. आई एकदा हार घालून उठली होती. असा माणूस पुन्हा कशाला जाईल? शिकलेली, जग पाहिलेली मी, पण मनातून हेच धरून बसले होते.

ती एका हिवाळ्यात गेली, उन्हात बसल्या बसल्या. मी चित्रीकरणावर होते. दादाचा फोन आला, तो बोलत होता आणि मी नुसतं "हो, हो" म्हणत होते. सेटवर मी एवढंच सांगितलं, "घर जाना है." झाशीत पोचल्यावरही तेच. सगळ्यांना फोन दादाने केले, भेटायला येणाऱ्यांशी वहिनी बोलली. कोणी मला विचारलं तर मी दादाकडे बघायची. मी रडतही नव्हते. लोकांना वाटलं असेल, नटी आहे, जपून ठेवतेय.

दादाने कपाटातून चौकट काढली आणि त्या खिळ्याला लावली. हार घातला. मी म्हणाले, "दुसरा फोटो नाही का?" तो म्हणाला, "तिनेच सांगून ठेवलं होतं." तोवर मी भिंतीकडे बघायचं टाळत होते. त्यानंतर तर पाठ करूनच बसायला लागले.

तेरावं होऊन गेल्यावर एका दुपारी घरात मी एकटीच होते. माझे कपडे धुवायला टाकलेले, म्हणून आईचं एक मऊ झालेलं लुगडं कसंबसं गुंडाळून मी बैठकीतल्या लाकडी तखतावर तिच्या जागेवर बसले होते. केसांना कित्येक दिवसांत रंग लावला नव्हता. थंडीमुळे डोक्यावरून पदर. दार ढकलून समोरच्या काकी आत आल्या. त्या महिनाभर लेकीच्या गावी होत्या, डोळ्यांच्या उपचारांसाठी, आणि त्यांना नीट दिसत नव्हतंच. आमच्याकडे कोणी गेलं एवढंच गल्लीच्या तोंडाशी कोणीतरी त्यांना सांगितलं असावं.

त्यांनी भिंतीकडे पाहिलं. बाबा, आणि शेजारी ती तसबीर. आईने नमस्कार केला तेव्हा काकी टॉकीजमध्ये नव्हत्या; सिनेमा त्यांनी नंतर टीव्हीवर पाहिला, आणि त्यांच्या लेखी ती तसबीर मेकअपने म्हातारी केलेली बिन्नूच राहिली होती. काकी भिंतीला धरून खाली बसल्या. मग सरकत सरकत माझ्यापर्यंत आल्या आणि त्यांनी माझे दोन्ही पाय धरले.

"बाई! जौ का हो गओ, बाई! हमाई बिन्नू! भगवान ने उल्टो कर दओ. जाने तो हमें-तुमें हतो, और मोड़ी चली गई!"

जायला हवं होतं तुम्हाला-आम्हाला, आणि पोर गेली. काकी मला आई समजून माझ्याच मरणाचं सांत्वन करत होत्या.

मी थिजले. आयुष्यभर किती आया मी केल्या असतील, पण लेक गेलेली आई कशी असते हे मला कधी कळलं नव्हतं. ते त्या वेळी कळलं. शालीखाली रडणारा टीव्ही, स्वयंपाकघरात जाऊन बसलेली ती, मुठीतल्या मोहऱ्या; आणि मी ते सगळं हसण्यावारी नेत होते. ती रोज हेच बघत होती. काकी आता जे बोलतायत तेच कोणीतरी येऊन बोलेल, याची वाट बघत होती.

काकी माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडत होत्या. "कछु तो बोलो, बाई."

एक क्षण मला वाटलं, राहू दे असंच. त्यांच्यासाठी आई तखतावर बसलेली आहे, जिवंत आहे. मी नुसतं "हओ" म्हटलं असतं तरी ती आणखी थोडा वेळ राहिली असती. तिचा आवाज मला येतो, तिचं बसणं मला येतं. माझ्याइतकी चांगली ती कोणी केली नसती.

पण मग भिंतीवर मी असते. बाबांच्या शेजारी, तिच्या खिळ्यावर. आणि ते तिला चाललं नसतं. तिने माझा कान धरला असता.

मी काकींचं डोकं हळूच बाजूला केलं आणि उठले. डोक्यावरचा पदर खाली घेतला आणि दारातून आत आलेल्या उन्हात जाऊन उभी राहिले, त्यांना दिसेल अशी. काकींनी माझ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. त्यांचा हात तोंडाशी गेला.

"बिन्नू?" त्या म्हणाल्या. "तो फिर बाई?"

तेव्हा मी पहिल्यांदा भिंतीकडे वळले. ती माझ्याकडेच बघत होती, दिवा चमकला तरी न मिटलेल्या डोळ्यांनी.

"काकी," मी म्हणाले, "आई गेली."

एवढे दिवस मी ते कोणालाच सांगितलं नव्हतं.